पऱ्हाटीच्या बोंडातली साखर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी यवतमाळ जिल्ह्यातली, वय २४. जीवरसायनशास्त्रात एमएस्सी केलं, नेटमध्ये जेआरएफही (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडीसाठी मुलाखतीला बोलावलंय. विषय आहे वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतली, म्हणजे पेशीभोवतीच्या भिंतीतली कर्बोदकं (साखरेच्या साखळ्या) आणि त्यांना कापणारी-जोडणारी एन्झाइम्स. दुसरीकडे वाळूजच्या एका औषध कंपनीत क्यूसीची (गुणवत्ता तपासणीची) नोकरी हातात आहे, महिना २४ हजार. घरी सहा एकर कोरडवाहू पऱ्हाटी. बाबा म्हणतात, "पाच वर्षं साखरंचा अभ्यास करून तुले साखर कारखान्यात नोकरी लागन का?" कॉलेजातले एक सर म्हणाले, साखळ्या मोजत बसायचे दिवस गेले, जिनोमिक्स (सगळे जीन वाचायचं शास्त्र) घे. मामा स्थळं आणताहेत. मला हा विषय मनापासून आवडतो. पण घरची परिस्थिती अशी असताना आवडतो म्हणून घेणं हा स्वार्थ तर नाही ना? आणि घ्यायचाच ठरवला तर मुलाखतीआधी काय वाचू? – कापूसवाल्याची लेक

प्रिय लेकी,

बाबांना सांग, ते इतकी वर्षं बाजारात पेशीभित्तिकाच विकत आलेत.

कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच पेशी असते. फूल उमलतं त्या दिवशी ती सालीवरून वर उठते आणि पुढचे साधारण तीन आठवडे नुसती लांब होत जाते, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींबद्दल शिकलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून दचकायलाच होतं. मग लांबी वाढायची थांबत येते आणि पेशी आतल्या बाजूनं भिंतीला थरावर थर द्यायला लागते, जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचे. बोंड फुटतं तोवर पेशीच्या आतलं सगळं वाळून संपलेलं असतं. उरते ती भिंत, आणि तीच वेचणीला हातात येते. खरेदी केंद्रावर स्टेपल आणि मायक्रोनेअर बघतात ना? पेशी किती लांब झाली ते स्टेपल सांगतं. तंतू किती बारीक आहे आणि त्याची भिंत किती भरली ते मायक्रोनेअरवरून कळतं. पावसानं दगा दिला की भिंत नीट भरत नाही आणि भाव पडतो. हे बाबांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, फक्त नाव वेगळं आहे.

आणि ही भिंत विणणाऱ्या एन्झाइमचा जीन जगाला पहिल्यांदा सापडला तो कापसाच्या तंतूतच. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं सेल्युलोज वेगळं काढलं १८३८ मध्ये. ते बनवणाऱ्या एन्झाइमचा वनस्पतीतला जीन हाती यायला १९९६ उजाडलं. मधली दीडशेहून जास्त वर्षं कुणी झोपलेलं नव्हतं. अडचण अशी होती की एन्झाइम बाहेर काढायला पेशी फोडावी लागते, आणि पेशी फोडली की तिला जखम झाल्यासारखं वाटतं. मग सेल्युलोज विणायचं सोडून ती कॅलोज नावाची दुसरीच ग्लुकोजची साखळी विणायला लागते. डेबोरा डेल्मर या बाईंनी या एका कोड्यापायी विशीएक वर्षं घालवली. शेवटी त्यांनी आणि कॅलिफोर्नियातल्या कॅल्जीन कंपनीतल्या सहकाऱ्यांनी कापूस निवडला, कारण भिंत भरण्याच्या दिवसांत या तंतूंना सेल्युलोजखेरीज फारसं काही सुचत नाही. तेव्हा त्या एन्झाइमचे संदेश (जीनवरून निघणाऱ्या आरएनए प्रती) तिथे ढिगानं सापडणार. सेल्युलोज बनवणाऱ्या जीवाणूचे जीन तोवर माहीत झालेले होते. त्यांच्याशी जुळणारे तुकडे कापसाच्या संदेशांत शोधले, आणि सापडले. तरीही परीक्षानळीत वनस्पतीचं एकटं शुद्ध सेल्युलोज सिंथेज (सेल्युलोज विणणारं तेच एन्झाइम) काम करताना दाखवायला २०१६ पर्यंत थांबावं लागलं. ते पॉप्लर झाडाचं होतं, आणि २०२० मध्ये त्याची रचनाही दिसली.

ही तारखांची माळ मी मुद्दाम लावली. जो विषय तू घ्यायला निघालीस त्याचा वेग हा असा आहे. पाच वर्षांच्या पीएचडीत तू या माळेतला एखादा मणी ओवशील, आणि तोही कदाचित मधला, ज्याकडे लगेच कुणाचं लक्ष जाणार नाही. हे मान्य असेल तर पुढचं वाच.

तुझे सर अर्धे बरोबर आहेत. कापसातला तो जीन संदेशांचे क्रम वाचूनच सापडला, त्यामुळे जिनोमिक्स तुलाही शिकावंच लागेल. पण प्रथिनाचा क्रम डीएनएमध्ये लिहिलेला असतो, तसा साखरेच्या साखळीचा कुठेही लिहिलेला नसतो. तिथे असतात ती फक्त एन्झाइम्स. कुठली साखर कुठल्या कोनात, कितव्या कार्बनला जोडायची हे ती ठरवतात. ग्लुकोजच घे. अल्फा बंधानं जोडलं तर स्टार्च होतं, आपण भाकरी म्हणून खातो. बीटा बंधानं जोडलं तर सेल्युलोज होतं, आपण अंगावर घालतो. पेक्टिन या भित्तिकेतल्या दुसऱ्या कर्बोदकाच्या कुटुंबात ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन-दोन नावाचा एक छोटा रेणू आहे. त्या एवढ्याशा तुकड्यात डझनभर वेगवेगळ्या साखरा आणि वीसहून जास्त प्रकारचे बंध आहेत, आणि असे दोन तुकडे बोरॉनच्या एका अणूनं एकमेकांना बांधले जातात. पिकाला बोरॉन कमी पडलं की कोवळे शेंडे का मरतात, याच्या उत्तराचा मोठा भाग या गाठीत आहे, आणि ती गाठ उमगली १९९६ मध्ये. कुठलाही जीनोम नुसता वाचून ती दिसली नसती. साखर सोडवून, बंध मोजूनच ती दिसली. आज कर्बोदकांच्या एन्झाइम्सच्या याद्यांत जीन हजारोंनी भरलेत, पण त्यांतल्या बहुतेकांपुढचं काम अंदाजानं लिहिलेलं आहे. नळीत घालून तपासायला माणूस लागतो आणि तसे हात कमी आहेत. म्हणून सरांना नम्रपणे सांग की साखळ्या मोजता येणारी माणसंच आता शोधावी लागतात.

तुझ्या विषयातल्या 'जोडणाऱ्या' एन्झाइम्सबद्दल मला जरा जास्त लिहू दे, कारण माझा जीव तिथेच गुंतला.

चिंचोक्याची खळ तू पाहिली असशील. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून ती लावतात. तिच्यातला चिकट पदार्थ म्हणजे झायलोग्लुकन. वाढत्या पेशीच्या भिंतीत सेल्युलोजच्या धाग्यांना बिलगून असतं तेच. भिंतीपुढचं कोडं असं: आतून पाण्याचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त, तरी भिंत फाटता कामा नये, आणि पेशीला वाढायचं असेल तर भिंत सैलही व्हायला हवी. १९९२ मध्ये एडिनबर्गला स्टीफन फ्राय यांच्या प्रयोगशाळेनं, आणि जपानमध्ये काझुहिको निशितानी यांनी स्वतंत्रपणे, असं एन्झाइम दाखवलं जे झायलोग्लुकनची साखळी कापतं आणि कापलेलं टोक दुसऱ्या साखळीला जोडून देतं. रफू करावं तसं. फ्राय यांची चाचणी इतकी साधी होती की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून उभी राहिले. चिंचोक्याचं झायलोग्लुकन आणि किरणोत्सारी खूण केलेला एक छोटा साखरतुकडा एकत्र ठेवायचे, त्यात झाडाचा अर्क घालायचा, आणि मिश्रण गाळणकागदावर टाकून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. सुटा तुकडा वाहून जातो. लांब साखळी मात्र कागदाला चिकटून राहते, कारण कागद म्हणजे सेल्युलोजच, आणि झायलोग्लुकनला सेल्युलोजची ओढ असते. कागदावर खूण उरली म्हणजे एन्झाइमनं जोडकाम केलं. आजही जगभरच्या प्रयोगशाळा यासाठी चिंचोक्यांतलंच झायलोग्लुकन वापरतात.

मग पुढे काय झालं, ते ऐक. १९७३ मध्ये कोलोरॅडोत पीटर अल्बरशाइम यांच्या प्रयोगशाळेतून भिंतीच्या बांधणीचा पहिला नकाशा आला. त्यात सेल्युलोजला बाकीच्या जाळ्याशी बांधणारा दुवा म्हणून झायलोग्लुकनला मानाचं स्थान होतं. त्या निबंधावर पहिलं नाव होतं केनेथ कीगस्ट्रा या तरुण विद्यार्थ्याचं. पस्तीस वर्षांनी, २००८ मध्ये, त्याच कीगस्ट्रांच्या मिशिगनमधल्या गटानं ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीचं असं रोप तयार केलं ज्यात झायलोग्लुकन सापडतच नव्हतं. आणि ते रोप जगलं. थोडं खुजं होतं, पण फुललं, फळलं. तरुणपणी स्वतः काढलेल्या नकाशातला मुख्य खांब काढून बघायचा, घर उभं राहिलं तर तसं छापायचं, आणि नकाशा पुन्हा काढायला बसायचं. या विषयात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या गोष्टीचा. सेल्युलोज आणि झायलोग्लुकन यांच्या गाठी भिंतीत मोजक्याच ठिकाणी असाव्यात असं बरेच जण मानतात, पण वाद मिटलेला नाही. तुला बसायला जागा आहे.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुझे आठ महिने वाचतील. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी कच्च्या आंब्याच्या गरापासून भित्तिका वेगळ्या करत होते. गर अल्कोहोलनं धुवायचा, विरघळतं ते जाऊ द्यायचं, उरलेल्या चोथ्याला भित्तिका म्हणायचं. त्यात मला ग्लुकोज भरपूर मिळालं, आणि आंबा पिकताना ते झपाट्यानं कमी होताना दिसलं. मला वाटलं, भिंतीतली नवी ग्लुकोजची साखळी आणि तिला कापणारं एन्झाइम, दोन्ही सापडली. आलेख काढले, भाषण तयार केलं. एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी काही न बोलता माझ्या चोथ्यावर आयोडिनचा थेंब टाकला. निळाजांभळा. कच्च्या आंब्यात स्टार्च खच्चून असतं, अल्कोहोलमध्ये ते विरघळत नाही, आणि फळ पिकताना त्याची साखर होते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. त्या रात्री वसतिगृहात मी रडले. पण त्यानंतर एकही नमुना आयोडिनशिवाय पुढे गेला नाही, आणि विकतच्या 'शुद्ध' एन्झाइमच्या बाटलीवरही मी आधी चाचणी केल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. एका बाटलीत दुसऱ्या एन्झाइमचा अंश असला तर अख्खा प्रबंध तिरका जातो. तूही पहिल्या दिवसापासून हे कर.

ज्या ताईंनी तो थेंब टाकला, तशी माणसं त्या प्रयोगशाळेत आहेत का, हे मुलाखतीपेक्षा महत्त्वाचं आहे. म्हणून माझा मुख्य सल्ला: होकार देण्याआधी तिथे निदान दहा-पंधरा दिवस राहून ये. कुणाच्या तरी टेबलाशी उभी राहा, भांडी धू, जेवायला त्यांच्याबरोबर बस. मार्गदर्शक नसताना विद्यार्थ्यांना विचार की आधीच्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, शोधनिबंधावर कोणाचं नाव कुठे येतं, फेलोशिप वेळेवर निघते का, प्रयोग फसला हे मार्गदर्शकांना सांगताना भीती वाटते का. गॅस क्रोमॅटोग्राफ (साखरा वेगळ्या करून मोजायचं यंत्र) आहे का असं विचारू नकोस, कारण ते बहुधा असतं. गेल्या महिन्यात त्यावर कुणी नमुना चालवला ते विचार. साखरांचे बंध मोजणं तिथे स्वतः करतात की बाहेरून करून आणतात, तेही विचार. बाहेरून आणत असतील तर पाच वर्षांनी तुझ्या हाती पदवी येईल आणि कसब येणार नाही. मी स्वतः एका ठिकाणी दोन वर्षांचं काम करून निबंधावरून नाव गमावलेलं आहे. ते ठिकाण इथे सांगण्यात अर्थ नाही, पण आधी चार विद्यार्थ्यांशी बोलले असते तर कळलं असतं. चौघांनाही तिथे तोच अनुभव आला होता.

पैशाबद्दल स्पष्ट बोलू. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे महिन्याला ३७ हजार झालेत, दोन वर्षांनी एसआरएफ (वरच्या टप्प्याची फेलोशिप) झाली की ४२ हजार, आणि घरभाडं वेगळं. म्हणजे आजच्या हिशेबानं वाळूजच्या नोकरीपेक्षा हे जास्तच आहे, आणि बाबांना हा आकडा आधी सांग. पण ही रक्कम काही ठिकाणी महिनोन्‌महिने अडकते, तेव्हा तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय पुण्यात राहू नकोस. घरी दरमहा ठरावीक पैसे पाठवायचं वचन पहिल्या वर्षी देऊ नकोस. पाच वर्षांनंतरचं चित्र मात्र गोड करून सांगणार नाही. विद्यापीठांत आणि संस्थांत कायमच्या जागा थोड्या आहेत, भरती रेंगाळते, आणि बहुतेकांना पीएचडीनंतर दोन-चार वर्षं परदेशात किंवा इथेच पोस्टडॉक करावं लागतं.

बाबांच्या प्रश्नाचंही सरळ उत्तर आहे. हो, साखर कारखान्यातही लागू शकते. उसाचं चिपाड, भाताचा पेंढा आणि तुमच्या शेतातली वाळलेली पऱ्हाटी म्हणजे भित्तिकाच. ती एन्झाइमनं फोडून त्यातल्या साखरेचं इथेनॉल करायचं हा धंदा आता उभा राहतोय. पानिपतला इंडियन ऑइलच्या अशा कारखान्याचं उद्घाटन ऑगस्ट २०२२ मध्ये झालं. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल करावं अशी त्याची रचना आहे, आणि तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं आहे. अडतं कुठे? लिग्निननं (लाकडाला कठीणपणा देणाऱ्या पदार्थानं) लिंपलेल्या भिंतीत एन्झाइमला शिरकाव मिळत नाही, आणि एन्झाइमचा खर्च परवडावा लागतो. त्या एन्झाइम्सचा मूळ पुरुषही कापसावरचाच बरं का! दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले. कुजवणारी ती बुरशी एल्विन रीझ आणि मेरी मॅंडेल्स यांनी पुढे वर्षानुवर्षं अभ्यासली. आज ती ट्रायकोडर्मा रीझाय या नावानं ओळखली जाते आणि सेल्युलेज (सेल्युलोज कापणारी एन्झाइम्स) बनवणारे कारखाने तिच्या वंशजांवर चालतात. कापडाला गुळगुळीत करणं, फळांचा रस निवळणं, कागदाचा लगदा उजळणं, या सगळ्यांत भित्तिका कापणारी एन्झाइम्स लागतात आणि ती समजणारी माणसंही लागतात. शिक्षकी मिळाली नाही तर हे दार उघडं आहे. म्हणूनच म्हणते, कसब हातात आण.

स्थळांचं काय? लग्न कर अगर करू नकोस, त्यात मी पडत नाही. पण मामांना एक गोष्ट सांगता येईल. कमला भागवत, पुढे सोहोनी, १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा बाई म्हणून तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी आधी नकार दिला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून बघू या अटीवर घेतलं. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट होत्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी (पेशीच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) असतं हे त्यांनी दाखवलं होतं. आपल्याच भाषेतली, वनस्पतींचीच जीवरसायनशास्त्रज्ञ. लग्न त्यांनी केलं ते १९४७ मध्ये, आणि त्यानंतर मुंबईत पुढची कितीतरी वर्षं नीरा आणि कडधान्यांवर संशोधन केलं. जो मुलगा बघायला येईल त्याला पहिल्याच भेटीत सांग की पाच वर्षं पुण्यात आहे आणि रात्री अकरालाही कधी कधी अर्क थंड खोलीतून काढायला जावं लागेल. ऐकून तो काय म्हणतो ते नीट ऐक.

स्वार्थाचं तू विचारलंस. सहा एकर कोरडवाहूत एमएस्सीपर्यंत शिकवलं त्या माणसाला तू हा प्रश्न विचारून बघितलास का? मला वाटतं नसशील. तुझ्या पत्रात बाबा नाही म्हणालेले कुठेही दिसत नाहीत. त्यांनी फक्त उपयोग विचारलाय. प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर त्यांना शेतात उभं राहून दे. सप्टेंबरात घरी गेलीस की फुलांना तारखेच्या चिठ्ठ्या बांध. दहा दिवसांचं, वीस दिवसांचं आणि पस्तीस दिवसांचं बोंड कापून ताटात शेजारी शेजारी ठेव. पहिल्यात ओलसर मऊ लव दिसेल, दुसऱ्यात लांब पण पातळ तंतू, तिसऱ्यात भरत आलेला कापूस. कुठल्या दिवसांत पाणी तुटलं तर लांबी जाते आणि कुठल्या दिवसांत भिंत, हे तू त्यांना दाखवू शकशील. आणि पाऊस कधी कधी तुटला ते ते तुला सांगू शकतील.

मुलाखतीआधी जाड पुस्तक उघडू नकोस. कोऱ्या कागदावर ग्लुकोजची खुर्चीसारखी रचना हातानं काढ, सहाही कार्बनना आकडे दे. शेजारी दुसरं ग्लुकोज काढून दोघांना आधी अल्फा आणि मग बीटा बंधानं पहिल्यापासून चौथ्याला जोड. बीटा जोडताना दुसरं ग्लुकोज उलटं करावं लागतं, ते का, हे बोलून सांगता येईपर्यंत काढत राहा. मग झायलोज, गॅलॅक्टोज आणि गॅलॅक्टुरोनिक आम्ल. रोज अर्धा तास, दोन आठवडे. मी घेतलेल्या मुलाखतींत जिनोमबद्दल सगळे बोलले. फळ्यावर जाऊन हे न अडखळता काढणारे फार थोडे होते, आणि त्यांना मी पुढचा प्रश्न न विचारताच घेतलं.

तुझी,
सल्ला सदरातली ताई